लिहिलंय तेवढंच

1992 साली अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरात एका शाळेच्या व्यायामशाळेत 28 संघ जमले. जमिनीवर मक्याचे दाणे पसरलेले, आणि त्यातून मुलांच्या यंत्रांनी टेनिसचे चेंडू गोळा करायचे. डीन केमन यांच्या ‘फर्स्ट’ संस्थेची ही पहिली स्पर्धा. तेव्हापासून खेळ दरवर्षी बदलतो आहे. रोबो कसा बांधायचा याचे नियम मात्र साठत गेले, आणि त्यातल्या काहींमागे एखाद्या संघाची अफलातून युक्ती उभी आहे.

2002 चंच बघा. गालिचा अंथरलेल्या मैदानात सरकते गोल होते तीन. इंडियानातल्या हॅमंडच्या 71 क्रमांकाच्या संघाचा रोबो तिन्ही गोल धरायचा आणि मग चाकांऐवजी पायांवर उभा राहायचा. पायांच्या तळाला कानस साफ करायचे तारेचे ब्रश लावलेले! आखूड, ताठ तारा गालिच्यात रुतायच्या, रोबो इंच इंच सरकायचा आणि समोरच्याला तो हलवता येत नसे. त्या वर्षीच्या विजेत्या आघाडीत हा संघ होता. पुढच्या नियमपुस्तिकांत जमिनीला पकड घेणाऱ्या भागांवर धातू, सँडपेपर, टोकदार खुंट्या, वेल्क्रो यांना मनाई आली.

याला पळवाट म्हणणं अन्यायाचं आहे. नियमपुस्तिका स्वतःच बजावते की लिहिलंय तेवढाच अर्थ घ्या. हेतूचे अंदाज बांधू नका, मागच्या वर्षीचा नियम गृहीत धरू नका. निळ्या चौकटीत स्पष्टीकरणं असतात, पण दोन्हींत विसंगती निघाली तर मूळ नियमाचे शब्दच खरे. नव्या, अननुभवी संघाला यासारखा दुसरा आधार नाही.

सवय किती फसवी, हे बंपरांनी दाखवलं. प्लायवूडच्या पट्टीवर पोहताना वापरतात त्या फोमच्या नळ्या, वरून ताणून बसवलेलं कापड: 2008 पासून हे कवच सक्तीचं झालं. 2015 च्या खेळात मात्र बंपरच नव्हते.

2019 पर्यंत साधारण सहा आठवड्यांनी रोबो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीलबंद करावा लागे. काही भाग ठरावीक वजनापर्यंत बाहेर ठेवायची मुभा होती. ऐपतवाले संघ सरावासाठी दुसरा रोबोच बांधत. बाकीच्यांनी पिशवीकडे बघत बसायचं. 2020 च्या हंगामापासून ही अट गेली. फार आधीच जायला हवी होती.

वजनकाट्यावरचा नियम तेवढा निर्विवाद, पण तोही स्थिर नाही. बॅटरी आणि बंपर वगळून 120 पौंड, म्हणजे सुमारे 54 किलो, ही मर्यादा बरीच वर्षं टिकली. 2019 मध्ये ती 125 झाली आणि 2025 मध्ये 115 वर आली. जुना आराखडा पुन्हा वापरायचा, तर ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात कुठे भोकं पाडून 10 पौंड उतरवायचे, हे आधी ठरवावं लागतं.