किलोवरचं घर

सकाळी 7:40
गेवराईच्या बाहेर, धुळे-सोलापूर महामार्गालगत पत्र्याचं दुकान. मिस्तरी पहिली अगरबत्ती वेल्डिंग मशीनला लावतो, देवाला नंतर. हाताखाली दोन पोरं, रोज 500-500. काम गावातल्या एका ऊसतोड जोडप्याच्या घराचं: 18 फुटी चार कैच्या, वर पत्रे. मजुरी किलोला 15 रुपये.

8:15
मागं लाल फडकं बांधलेला छोटा हत्ती येतो. शेजारचं जालना सळईचं गाव. शहागडच्या पुलावरून सळईच्या गाड्या चालूच असतात. आजचा अँगल मात्र रायपूरकडचा. चाळीस-चाळीस-पाच, मीटरला 3 किलो, वीस फुटी नगाला 18. मिस्तरी एकेक नग काट्यावर चढवतो. दोन नग 17 च्या आत भरतात. घेतलाय वजनावर, म्हणजे पैशात खोट नाही, खोट जाडीत. "हे परलीनीला. कैचीला नको." चौदातले दोन नग भिंतीकडे जातात.

9:30
आता खरी कारागिरी. फरशीवर खडूनं पूर्ण मापाची कैची काढतो: खाली 18 फूट, मधे उंची 3. सुतळी ताणून दोन्ही बाजू ताडून बघतो. एक बाजू दोन सूत जास्त. खडू पुसायचा, परत काढायचा. कागद कुठंच नाही. कटरचं चाक किंचाळतं, ठिणग्या थेट उंबऱ्यापर्यंत. तुकडे रेघेवर मांडून टाके मारतो, फक्त टाके. सलग वेल्ड मारला की लोखंड तापून ओढतं आणि कैची पिळते. म्हणून एक टाका या टोकाला, पुढचा त्या टोकाला. हीच पहिली कैची बाकीच्यांचा फर्मा.

11:50
लाईट गेली. चहा, चार कप, 40 रुपये. चौथा माझा.

12:30
लाईट येते, तिच्यामागोमाग एक टायरगाडी. आसाजवळ चीर गेलेली. दिवाळी तोंडावर, मग कारखान्याचा रस्ता. या दिवसांत गाडीवाल्याला थांब म्हणता येत नाही. ग्राइंडरनं चीर मोकळी करायची, दहा नंबरचा रॉड, वरून पट्टी. 150 रुपये.

2:10
ज्वारीची भाकरी, ठेचा. धाकट्या पोराचे डोळे लाल. सकाळी टाका मारताना काच न धरता बघितलं. "रातच्याला बटाट्याच्या चकत्या ठेव," मिस्तरी म्हणतो. काळी काच खिळ्याला लटकलेली, तिला तडा.

2:45
सलग वेल्डिंग. रॉड नीट चालला की आवाज कढईत भजी सोडल्यासारखा येतो. फटफटायला लागला की मिस्तरी थांबतो, रॉड उन्हात टाकतो, दमट असतो म्हणे. खपली हातोडीनं उडवायची, खाली टाका चकचकीत दिसला तर ठीक. एका जोडात भोक सापडतं. ग्राइंडर, परत रॉड. पोराच्या लक्षातही आलं नसतं.

5:30
तीन कैच्या भिंतीला. तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साईड. अँगलच्या काखेत ब्रश दोनदा फिरतो, गंज तिथूनच धरतो.

6:45
घरमालक येतो. "मिस्तरी, लक्ष्मीपूजनाच्या आत पत्रे पडू द्या. मग आमी नसतो."
कैच्या काट्यावर. 48 किलोची एक, तीन मिळून 144. मजुरी 2160. पोरांचे 1000, रॉड-चाकं-चहाचे 310. टायरगाडीचे दीडशे धरून मिस्तरीच्या हातात हजार. लाईटबिल यातच.
"तुकडे आमचे ना?"
"तुमचेच. माल तुमचा."
18 किलो. मिस्तरी त्यातले चार पट्टीएवढे काढून ठेवतो, परलीनीच्या टेकूला लागणार म्हणून. उरलेले घरमालक गोणीत भरतो. अँगलची टोकं गोणी फाडतात, मग तो आतून दुसरी गोणी घालतो.

7:20
धाकटा सायकल काढतो. भाजीच्या गाड्यावर थांबतो, एक डोळा मिटून.
"बटाटे. पाव किलो."