टेबलावरचं कटिंग मशीन, भाग ६ : यादीत नसलेला कागद

मशीन घरी आलं, जोडून झालं, सोबत आलेला नमुन्याचा कागद कापून झाला. तो सुरेखच कापला गेला. मग मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून किंवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून चार रंगांच्या कार्डशीट आणल्या, पडद्यावरच्या यादीत ‘कार्डस्टॉक’वर बोट ठेवलं, आणि आकाशकंदिलाच्या पाकळ्या निम्म्या सुटल्या, निम्म्या शीटला धरूनच राहिल्या. मशीन बिघडलं म्हणून दुकानदाराला फोन जातो तो बहुतेक या टप्प्यावर. बिघडलेलं काहीच नसतं. त्या यादीला आपल्या बाजारातली कार्डशीट माहीतच नसते.

मागच्या भागांत आपण यंत्रं पाहिली. आता त्यांच्यात घालायचा माल आणि तो कापायची हत्यारं. माझं मत आधीच सांगते: यंत्र कुठल्या कंपनीचं यावर लोक महिना महिना खल करतात, त्यातला निम्मा वेळ कागद आणि ब्लेड समजून घेण्यात घातला तर जास्त पदरात पडेल.

क्रिकट आणि सिल्हूट या दोन्ही कंपन्या अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या. त्यांच्या याद्या तिथल्या बाजाराला धरून केलेल्या. तिथे जाड कागदाचं वजन पौंडात सांगतात. ते एका कागदाचं नव्हे, ठरावीक आकाराच्या ५०० कागदांचं. गंमत अशी की हा ठरावीक आकार कागदाच्या जातीनुसार बदलतो. ‘कव्हर’ जातीसाठी २० बाय २६ इंच, ‘इंडेक्स’ जातीसाठी २५.५ बाय ३०.५ इंच. म्हणून ११० पौंडी कव्हर म्हणजे सुमारे २९८ जीएसएम, आणि ११० पौंडी इंडेक्स म्हणजे जेमतेम १९९. आपली जीएसएमची पद्धत त्या मानाने सरळ आहे: एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरला, एवढंच. यादीतलं ‘लाइट कार्डस्टॉक’ ६५ पौंडी, म्हणजे आपला १७६ जीएसएम. ‘मीडियम’ ८० पौंडी, म्हणजे २१६. ‘हेवी’ १०० पौंडी, म्हणजे २७०. हे तीन आकडे वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवा. दुकानदाराने २२० म्हटलं की ‘मीडियम’पासून सुरुवात करायची, हे लगेच कळतं.

फक्त सुरुवात. कारण जीएसएम हे वजन आहे आणि ब्लेडला वजनाशी काही देणंघेणं नाही, त्याला जाडी आणि घट्टपणा कळतो. ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड आणि तेवढ्याच जीएसएमचा खोक्यांसाठीचा बोर्ड दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहा. आर्ट कार्ड दाबून दाबून घट्ट केलेलं, वरून खनिजाच्या बारीक भुकटीचा लेप दिलेलं, म्हणून पातळ. बोर्ड आतून पोकळसर, म्हणून बराच जाड. पहिल्यात ब्लेडला कमी खोल जावं लागतं, पण लेपाने धार लवकर जाते. दुसऱ्यात धार टिकते, पण पोच पुरायला हवी. दुकानात उभं राहून हे चिमटीनेच ठरतं, लेबल वाचून नाही.

आता ब्लेड. घरगुती मशीनमधलं नेहमीचं ब्लेड कात्रीसारखं कापत नाही आणि सुरीसारखं कुणी ते वळवतही नाही. ते आपल्या धारकात मोकळं फिरतं. त्याचं टोक फिरण्याच्या मध्यरेषेपासून किंचित बाजूला असतं, त्यामुळे धारक जिकडे जाईल तिकडे टोक मागून ओढलं जातं आणि आपोआप दिशा घेतं. ऑफिसच्या खुर्चीची चाकं अशीच वळतात. गाड्यांच्या नंबरप्लेटची अक्षरं कापून देणारा रेडियमवाला जो मोठा प्लॉटर वापरतो, त्यातही हेच तत्त्व.

यातून दोन गोष्टी निघतात. सरळ रेषेत हे ब्लेड कधी रडवत नाही. रडवतं ते कोपऱ्यावर. तिथे टोकाला कागदात रुतलेल्या अवस्थेतच वळायचं असतं. जेवढी कड रुतलेली तेवढं वळणं जड, आणि तिथेच कागद फाटतो किंवा कोपरा उचलला जातो. दुसरी गोष्ट ब्लेडच्या कोनाची. नेहमीचं ब्लेड ४५ अंशांचं, जाड मालासाठीचं ६० अंशांचं, म्हणजे जास्त उभं. अर्धा मिलिमीटर जाडीच्या कागदात ४५ अंशांच्या ब्लेडची कड आडवी अर्धा मिलिमीटर रुतलेली असते, ६० अंशांची पाव मिलिमीटरहून थोडीच जास्त. जाड बोर्डावर नुसता जोर वाढवत बसण्यापेक्षा ब्लेड बदललेलं बरं, त्यामागचं गणित हे. पातळ व्हिनाइलला मात्र ६० अंशांचं ब्लेड लावून काही मिळत नाही, उलट नाजूक टोक लवकर मोडतं.

जोराबद्दल जाहिरातींत मोठे आकडे दिसतात. क्रिकट मेकर ब्लेडवर ४ किलोपर्यंत भार देतं, त्याच कंपनीच्या एक्सप्लोरचा भार त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाचा. हा फरक खरा आहे आणि २ मिलिमीटर बाल्सा लाकूड किंवा चामडं कापणार असाल तर महत्त्वाचाही. पण आकाशकंदील, तोरणं, लग्नाची पाकिटं, बारशाची पाटी एवढंच करायचं असेल तर त्या ४ किलोंपैकी बहुतेक भार वर्षभर नुसता पडून राहील.

मशीनची यादी आपला कागद ओळखत नाही, तेव्हा ओळख आपणच करून द्यायची. प्रत्येक नव्या शीटच्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटरचा एक चौकोन आणि त्याच्या पोटात एक त्रिकोण कापा. चौकोन कशासाठी हे उघड आहे. त्रिकोण अणकुचीदार कोपऱ्यासाठी. झाल्यावर शीट चिकटवलेली मॅट मशीनमधून बाहेर काढू नका. सुईने एक कोपरा उचलून पाहा. सुटला नाही तर तीच आज्ञा पुन्हा द्या, ब्लेड त्याच रेषेवरून जाईल. मॅट एकदा बाहेर आली की ती रेषा पुन्हा नेमकी सापडत नाही. एकदाच भरपूर जोर देण्यापेक्षा हलक्या हाताने दोनदा गेलेलं चांगलं, विशेषतः कोपऱ्यांसाठी. त्रिकोण सुटला आणि मॅटवर नुसता ओरखडा उमटला, तर नेमकं जमलं. मॅटमध्ये खाच पडली, तर जोर जास्त झाला. मग तोच तुकडा ठेवून द्या आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने दुकान, जीएसएम, ब्लेड, जोर आणि किती फेऱ्या ते लिहा. असे वीसेक तुकडे साठले की तुमची स्वतःची यादी तयार होते, आणि ती कंपनीच्या यादीपेक्षा जास्त उपयोगाची.

हातकागदाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत एकदा गेलं की रिकाम्या हाताने परत येववत नाही. हा कागद सुती चिंध्यांच्या लांब तंतूंचा. हाताला जे मऊ, दमदार लागतं ते याच तंतूंमुळे, आणि ओढत जाणाऱ्या ब्लेडला ते नकोसे होतात तेही त्यांच्यामुळेच. टोक तंतू तोडण्याऐवजी खेचतं आणि कडेला लव उभी राहते. शिवाय एकाच शीटमध्ये जाडी कमीजास्त असते. नवं ब्लेड, कमी वेग, दोन फेऱ्या आणि मोठे, गोलसर आकार एवढ्यावर राहिलात तर निभतं. पाकळ्या किंवा बिया घातलेला हातकागद मशीनला देऊच नये. त्याची शोभा त्याच्या फाटक्या कडेत आहे, ती पट्टी धरून हाताने फाडावी.

उलट टोकाला घोटीव आणि पतंगाचा कागद. इथे कापणं सोपं, उचलणं अवघड. मॅटवरून कागद सोलायला गेलात तर तो वळून चुरगळतो. मॅट पालथी घालून टेबलावर ठेवा आणि कागद तसाच सपाट राहू देऊन मॅट हळूहळू वर वळवत त्याच्यापासून सोडवा. मॅट कमी चिकट, निळी घ्यावी. हिरवी साध्या कार्डशीटसाठी, जांभळी जाड बोर्डासाठी, गुलाबी कापडासाठी. हे रंग क्रिकटचे, इतरांचे वेगळे असतात. नवी कोरी मॅट पतंगी कागदाला फार चिकटते, तेव्हा आधी तिच्यावर सुती कापड एकदोनदा दाबून घ्या. आणि मॅट १२ इंची, म्हणजे साधारण ३०५ मिलिमीटर. ए-४ त्यात आरामात बसतो, पण ए-३ची लांबी ४२० मिलिमीटर असल्याने त्याला १२ बाय २४ची लांब मॅट लागते.

पावसाळ्यात, त्यातही मुंबईत आणि कोकणात, कालपर्यंत नीट कापला जाणारा कागद अचानक फाटू लागतो. कागद हवेतली ओल पितो आणि तंतू मऊ पडतात. शीट प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आडव्या ठेवा. गणपतीची सजावट नेमकी याच दिवसांत असते. महाराष्ट्रात २०१८च्या बंदीनंतर सजावटीतल्या थर्माकोलची जागा कार्डशीट आणि पुठ्ठ्याने बरीच घेतली, त्यामुळे ऑगस्टमध्ये ही तक्रार जास्तच ऐकू येते.

कंदील, खोकं असं घडीचं काही करणार असाल तर कागदातल्या तंतूंची दिशा पाहा. शीट आधी लांबीकडून, मग रुंदीकडून हलकी वाकवा; जिकडून सहज वाकते तिकडे तंतू घडीला समांतर आहेत. मुख्य घड्या त्याच दिशेने आखा. आडव्या दिशेने घातलेली घडी ३०० जीएसएमवर तडकते आणि रंगीत कार्डातून पांढरी रेघ डोकावते.

व्हिनाइलचं थोडक्यात. भिंतीवर वर्षभरासाठी लावायचं तर काढता येणाऱ्या गोंदाचं, ओराकल ६३१ या जातीचं. बाटली, हेल्मेट, दाराबाहेरची पाटी यांना ६५१ या जातीचं, पक्क्या गोंदाचं. त्याची जाडी सुमारे ६३ मायक्रॉन, म्हणजे ब्लेडला इथे अगदी थोडं खोल जायचं आहे: रंगीत थर कापला जावा, खालचा कागद शाबूत राहावा. पेल्याच्या ओठ लागणाऱ्या भागावर किंवा ताटाच्या आत कुठलंही व्हिनाइल लावू नये. चमकदार ग्लिटर आणि गाड्यांना लागणारं परावर्तक रेडियम धार पटकन खातात; त्यांच्यासाठी जुनं ब्लेड वेगळं राखून ठेवा. रेडियमवाल्याकडे रोलचे उरलेले तुकडे असतात, विचारून बघायला हरकत नाही.

टी-शर्टवरच्या उष्णतेने चिकटणाऱ्या व्हिनाइलमध्ये आकृती उलटी कापायची असते आणि चकचकीत बाजू मॅटवर खाली जाते. नवशिक्यांची निम्मी नासाडी या एका ओळीत आहे. सीझर कंपनीचं इझीवीड साधारण १५० अंश सेल्सिअसला १० ते १५ सेकंदांत बसतं. घरच्या इस्त्रीने करायचं तर वाफ बंद करा आणि इस्त्री न फिरवता दाबून धरा.

कापड नुसतं मॅटवर ठेवून नेहमीच्या ब्लेडने कापता येत नाही, ते गोळा होतं. शिंप्याच्या सामानाच्या दुकानात इस्त्रीने चिकटणारं पेस्टिंग मिळतं, ते मागून लावलं की कापड कागदासारखं वागतं. खणाचे कंदील करणाऱ्यांना हाच मार्ग सोयीचा, कारण तिथे कापडाला ताठपणा हवाच असतो. मेकरच्या गोल फिरत्या ब्लेडला पेस्टिंग लागत नाही, पण पाऊण इंचापेक्षा लहान आकार त्याने करू नयेत असं कंपनीच सांगते. बारीक कुयरी त्याच्या आवाक्याबाहेरची.

बाकी हत्यारांवर फार खर्च करू नका. नको तो भाग उपटायला एक बारीक आकडा, एक निमुळता चिमटा, व्हिनाइल दाबून बसवायला मुदत संपलेलं एटीएम कार्ड. संचात मिळणाऱ्या बारा वस्तूंपैकी नऊ डब्यातच राहतात. पैसे घालायचेच तर दोन जादा ब्लेडांत आणि एका जादा मॅटमध्ये घाला. ब्लेडच्या टोकावर कागदाचे कण साठले तर अॅल्युमिनियम फॉइलच्या गोळीत ते चारपाचदा खुपसतात. त्याने टोक साफ होतं. धार लागते हा समज मात्र चुकीचा. साफ करूनही कडा भुरभुरीत येत असतील तर ते ब्लेड ग्लिटरच्या डब्यात टाका आणि नवं लावा.

शेवटी एक इशारा. यातून पुढे घरगुती लेझर कटरकडे वळणारे बरेच असतात, आणि हातातलं उरलेलं व्हिनाइल त्यातही घालून पाहावं असं वाटतं. स्टिकरचं व्हिनाइल बहुधा पीव्हीसीचं असतं. ब्लेडने कापताना त्याचा काही त्रास नाही, पण लेझरने जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशीनच्या लोखंडी भागांनाही गंज चढवतो. कशाचं आहे हे माहीत नसलेला माल लेझरमध्ये घालू नका.

पुढच्या आठवड्यात आकृत्यांच्या फाइली: फोटोवरून कापण्याची रेषा कशी काढायची, आणि देवनागरी अक्षरं कापताना शिरोरेषेचे तुकडे का पडतात.