चार इंचांचा फरक

ट्यूनरची सुई आधी उजवीकडे झुकली आणि मग रेंगाळत मध्यावर आली. खुंटीला कुणी हात लावला नव्हता. मी तार पुन्हा छेडली, जरा जोरात. सुई पुन्हा चढली, पुन्हा उतरली. हातात सहा तारांची, आखूड मापाची बेस गिटार होती आणि ही तिची सर्वांत जाड तार होती. दुकानातल्या मुलाला वाटलं, वाद्यातच खोट आहे; तो दुसरी गिटार आणायला निघाला. मी त्याला थांबवलं. दुसरीतही हेच दिसलं असतं, कारण हा या वाद्याचा स्वभाव आहे. तो समजून न घेता ही गिटार विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी नावाचा घोळ सोडवू. ‘सहा तारांची बेस’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी वाद्यं विकली जातात. पहिलं लांब मापाचं. अँथनी जॅक्सन या अमेरिकी वादकाने १९७५ साली कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून ते करून घेतलं. नेहमीच्या चार तारांच्या खाली एक आणि वर एक अशी भर घालून सहा तारा झाल्या. हिची मान फळीसारखी रुंद असते. दुसरं वाद्य त्याआधीचं. न्यू जर्सीच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने ते १९५६ मध्ये काढलं आणि १९६१ मध्ये फेंडरने आपली ‘बेस सिक्स’ आणली. हिच्या सहाही तारा साध्या गिटारसारख्याच लावतात, फक्त सगळ्या एक सप्तक खाली. फेंडरच्या बेस सिक्समध्ये तारेची वाजणारी लांबी ३० इंच असते. नेहमीच्या बेसमध्ये, म्हणजे लिओ फेंडरने १९५१ साली रूढ केलेल्या मापात, ती ३४ इंच. हा लेख या दुसऱ्या, आखूड वाद्याबद्दल आहे.

चार इंच म्हणजे किती मोठा फरक? याचं उत्तर मारां मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ सालीच लिहून ठेवलंय. तार किती वेगाने कंप पावणार हे तीन गोष्टी ठरवतात: लांबी, ताण आणि वजन. लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक उतरतो. ताण चौथाईवर आणला तरी तेवढाच उतरतो, आणि तारेचं वजन चौपट केलं तरीही. मिरजेत तंबोरे घडवणारे कारागीर हेच गणित हाताने सोडवतात. बायकांचा षड्ज चढा, म्हणून त्यांचा तंबोरा आखूड आणि तारा बारीक.

आता हे गणित आपल्या गिटारला लावू. सर्वांत जाड तारेला सेकंदाला ४१.२ कंपनं हवीत. साध्या गिटारच्या सहाव्या तारेला ८२.४ असतात. समजा, ३४ इंची बेसची तार काढून ३० इंची बेसवर चढवली आणि त्याच स्वरात लावली. तिचा ताण २२ टक्क्यांनी कमी भरेल. पण या वाद्यासोबत बऱ्याचदा येणारी तार मुळातच बारीक असते: ०.०८४ इंच, म्हणजे २.१ मिलिमीटर. नेहमीच्या बेसवर याच जागी ०.१०५ इंचाची तार असते. वजन ढोबळमानाने जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या की ताण थेट निम्म्यावर येतो.

हे आकडे कागदावर मांडताना मला खरी गंमत कळली. बेसची हीच बारीक तार साध्या गिटारच्या ०.०४६ इंची सहाव्या तारेशी ताडून पाहिली, तेव्हा दोन्हींचा ताण जवळपास सारखा निघाला. बेसचा जेमतेम पंधरा टक्के जास्त. म्हणजे कारखान्यातून येणारा हा संच बेसवादकाचा विचार करून केलेलाच नाही. तो गिटारवादकाच्या बोटांसाठी आहे. स्वर बेसचा, स्पर्श गिटारचा. बेस वाजवणाऱ्याला म्हणूनच ती तार लुळी वाटते आणि गिटारवाल्याला मात्र घरच्यासारखं वाटतं.

सुई का चढली, तेही इथेच उलगडतं. तार जोरात छेडली की ती दोन्ही बाजूंना फाकते, म्हणजे क्षणभर थोडी लांबते आणि तिचा ताण वाढतो. आधीच करकचून ताणलेल्या तारेला ही भर जाणवत नाही. ढिल्या तारेला जाणवते. स्वर चढून सुरू होतो आणि झोका ओसरला की जागेवर येतो. शिवाय जाड तार पूर्ण लवचीक नसते, थोडी सळईसारखी वागते, त्यामुळे तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर, नेमक्या पटीत न राहता किंचित चढतात. एकच तार ३४ ऐवजी ३० इंचांवर त्याच स्वरात लावली, तर हे विचलन दीडपटीहून जास्त होतं.

असं असताना हे वाद्य टिकलं कसं? नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये १९६० च्या आसपास त्याचं उत्तर सापडलं. हॅरॉल्ड ब्रॅडलीसारखे वादक मोठ्या उभ्या डबल बेसच्या जोडीला तोच स्वर सहा तारांच्या बेसवर वाजवत. उजव्या तळव्याने तारा दाबून, पिकने, टिकटिक असा. या पद्धतीचं नावच ‘टिक-टॅक’ पडलं. छोट्या स्पीकरला सेकंदाला ४१ कंपनांचा स्वर धड काढता येत नाही. पण त्याचे उपस्वर, ८२, १२४, १६५, ऐकू आले की मेंदू त्यांच्यातलं समान अंतर ओळखतो आणि तळाचा स्वर स्वतः भरून काढतो. बारीक तारेची टिकटिक हे उपस्वर भरभरून पुरवते. पुढे ग्लेन कॅम्बेलने ‘विचिटा लाइनमन’मधला एकल तुकडा डॅनइलेक्ट्रोवर वाजवला आणि बीटल्सच्या हातीही फेंडरची बेस सिक्स आली. ‘द क्युअर’च्या रॉबर्ट स्मिथने तर तिच्यावर अख्ख्या गाण्यांच्या धुना उभ्या केल्या. यांपैकी बहुतेकांनी तिला नेहमीच्या बेसची बदली म्हणून वापरलेलं नाही, आणि मला वाटतं, बेसहून वेगळं वाद्य हेच तिचं खरं स्थान आहे.

तेव्हा घेण्याआधी आपण काय वाजवणार हे ठरवा. पिकने धून, टिक-टॅक, थोडे स्वरमेळ वाजवायचे असतील तर मूळ संच राहू द्या. बोटांनी भरदार बेस हवा असेल तर जाड तळतार लावा. ०.०९५ इंचाची तार लावली की ताण साधारण २८ टक्क्यांनी वाढतो, आणि हा फरक पहिल्या फटक्यात कळतो. मात्र नटमधली, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीतली, खाच जाड तारेसाठी कानशीने रुंद करून घ्यावी लागते, आणि हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच द्यावं. तार विकत घेताना लांबीही बघा. ज्या गिटारीत ब्रिजच्या मागे लांब टेलपीस असतं, तिथे साधी आखूड बेसची तार खुंटीपर्यंत पुरत नाही.

बोटं जाड असतील तर आणखी एक गोष्ट. नटापाशी या वाद्याची रुंदी साधारण ४२ मिलिमीटर असते. चार तारांच्या बेसला मिळते तेवढ्याच जागेत इथे सहा तारा बसवलेल्या असतात. उलट पहिल्या ते चौथ्या पडद्याचं अंतर ३४ इंची बेसवर १३ सेंटिमीटर, इथे साडेअकरा. लहान हातांना हा दीड सेंटिमीटर वरदान आहे.

घरी आणल्यावर दुसऱ्या पडद्यावरचा स्वर उगाच घुमला, तर वाद्याला दोष देऊ नका. १२ फुटी खोलीत सेकंदाला ४७ कंपनांच्या आसपासचा आवाज भिंतींमध्ये अडकून फुगतो, आणि जाड तारेचा दुसऱ्या पडद्यावरचा स्वर ४६.२ चा आहे. अँप कोपऱ्यातून पुढे ओढून बघा.

दुकानात जाताना मोजपट्टी न्या. नटापासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. जाहिरातीत काहीही छापलेलं असो, खरं माप तेच. मग जाड तार बाराव्या पडद्यावर नुसत्या स्पर्शाने वाजवा आणि त्याच जागी दाबून वाजवा. दाबलेला स्वर चढा निघाला, तर ब्रिजवरचं खोगीर मागे सरकवायला सांगा. ते शेवटपर्यंत सरकवूनही स्वर चढाच राहिला, तर ती गिटार तिथेच ठेवून या.