मोठ्या पोर्टचा मोह : बिग-ब्लॉक शेव्हरोलेची साठ वर्षे

रस्त्यावरच्या गाडीसाठी बिग-ब्लॉक इंजिन बांधायला घेतले की सिलिंडर हेड निवडताना हात आपोआप सगळ्यात मोठ्या पोर्टकडे, म्हणजे हवा आत नेणाऱ्या वाटेकडे, जातो. माझ्या मते साठ वर्षे टिकलेली ही सवय चुकीची आहे. तिचे मूळ मात्र शेव्हरोलेच्या या इंजिनाच्या जन्मातच आहे.

१९६३ च्या फेब्रुवारीत डेटोनाच्या मैदानावर शेव्हरोलेचे ४२७ घनइंचांचे एक गूढ इंजिन उतरले आणि दोन्ही पात्रता शर्यती शेव्हरोलेच्या गाड्यांनी जिंकल्या. जनरल मोटर्सने त्याआधी महिनाभरच शर्यतींतून अंग काढून घेतले होते, त्यामुळे कंपनीने ते इंजिन शर्यतींसाठी पुढे नेले नाही. त्याची रचना मात्र १९६५ मध्ये ३९६ घनइंचांच्या रूपात रस्त्यावर आली. शर्यतीसाठी घडलेले हेड आता भाजी आणायला जाणाऱ्या गाडीत बसणार होते. पुढच्या साऱ्या गोंधळाचे बीज इथे आहे.

हेड मात्र अप्रतिम होते. व्हॉल्व्ह एका ओळीत सरळ उभे न ठेवता वेगवेगळ्या कोनांत कललेले. झाकण काढले की त्यांच्या दांड्या काट्यांसारख्या चहूकडे उभ्या दिसतात, म्हणून अमेरिकी मेकॅनिक त्याला ‘साळिंदर’ म्हणू लागले. या कलामुळे इनटेक व्हॉल्व्ह उघडताना सिलिंडरच्या भिंतीपासून दूर सरकतो आणि हवेला आत यायला मोकळी वाट मिळते.

या हेडचे दोन प्रकार झाले. साध्या इंजिनांना अंडाकृती पोर्ट आणि २.०६ इंची इनटेक व्हॉल्व्ह. ३७५ किंवा ४२५ अश्वशक्तीच्या दांडग्या इंजिनांना आयताकृती पोर्ट आणि २.१९ इंची व्हॉल्व्ह. अंडाकृती पोर्टचे आकारमान साधारण २५० घनसेंटिमीटर, आयताकृतीचे तीनशेच्या पुढे. तरुणांनी आयताकृती म्हणजे भारी हा अर्थ मनाशी पक्का केला. १९६७ ते १९६९ मध्ये आलेल्या एल-८८ ने त्यावर कळस चढवला: अ‍ॅल्युमिनियमची हेड, १२.५ च्या आसपास कॉम्प्रेशन, कागदावर ४३० अश्वशक्ती आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. शर्यतीवाल्यांनीच ते घ्यावे म्हणून कंपनीने त्या गाडीत रेडिओ दिला नाही. तीन वर्षांत अशा फक्त २१६ कॉर्व्हेट निघाल्या. कंपनीने स्वतःच सांगितले होते की हे रस्त्यासाठी नाही. ऐकले फार थोड्यांनी.

बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाण्याची धार जोर धरते. पोर्टचेही तसेच आहे. कमी फेऱ्यांना इंजिन हवा थोडीच ओढते. वाट फार रुंद असेल तर हवा रेंगाळते, पेट्रोलचे थेंब तिच्यातून खाली पडतात आणि सिग्नलवरून निघताना पिकअप मिळत नाही. रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ दोन-तीन हजार फेऱ्यांतच फिरते. तिथे अंडाकृती पोर्ट सरस ठरते.

१९७१ मध्ये शिसेविरहित पेट्रोलच्या तयारीसाठी कॉम्प्रेशन उतरले आणि १९७२ पासून शक्ती मोजण्याची पद्धतही बदलली. १९७० ला ३९० म्हणून विकले जाणारे ४५४ घनइंची इंजिन दोन वर्षांनी २७० वर आले. घट काही खरी, काही मापातली. पण लोकांनी हरवलेला जोर परत आणायला मोठा कॅम बसवण्याचा सपाटा लावला आणि तो अंगाशी आला. कॅम व्हॉल्व्हला जितका जास्त वेळ उघडा ठेवतो, तितका इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. वर येणारा पिस्टन काही हवा परत पोर्टमध्ये ढकलतो आणि आधीच कमी असलेले कॉम्प्रेशन आणखी घटते. आयडलिंगला व्हॅक्युम पडतो आणि पॉवर ब्रेक दगडासारखे कडक होतात. हेड, कॅम, कॉम्प्रेशन आणि मागचा गिअर हे एकमेकांशी बांधलेले आहेत. एकाचा निर्णय बाकीच्यांना सोडून घेता येत नाही.

एक दिलासा मात्र आहे. ४५४ म्हणजे जवळपास साडेसात लिटर. त्यात मारुती ८०० ची नऊ इंजिने मावतील. एवढे मोठे सिलिंडर कॅमचा रागीटपणा पचवून टाकते. ३५० घनइंची इंजिनात धडधडणारा कॅम इथे शांत चालतो.

नंतरचे दोन बदल मला सर्वांत मोलाचे वाटतात. १९९६ च्या सहाव्या पिढीपासून कंपनीनेच रोलर कॅम दिला. सपाट टॅपेट कॅमवर घासत चालतो, रोलर लोळतो. म्हणून व्हॉल्व्ह अधिक चपळाईने उघडता येतो आणि झीज कमी होते. २००४ च्या सुमारास तेलातले जस्त-फॉस्फरस कमी झाल्यावर तर सपाट टॅपेटचे नवे कॅम पहिल्याच अर्ध्या तासात झिजून गेल्याच्या कहाण्या सर्वत्र ऐकू येऊ लागल्या. दुसरा बदल हेडचा. एडलब्रॉक, एअर फ्लो रिसर्च यांसारख्या कंपन्यांनी अंडाकृती पोर्टची अ‍ॅल्युमिनियम हेड आणली. त्यांतून जुन्या आयताकृती बिडाच्या हेडहून अधिक हवा जाते आणि वेगही टिकतो. शिवाय जोडीमागे तीसएक किलो वजन वाचते.

आज साध्या पेट्रोलवर रोज चालवायच्या ४५४ साठी माझी निवड ठरलेली आहे: अंडाकृती पोर्ट, बिडाच्या हेडला नऊच्या आसपास आणि अ‍ॅल्युमिनियमला साडेनऊपर्यंत कॉम्प्रेशन, ०.०५० इंच उचलीवर मोजलेल्या सव्वादोनशे ते दोनशे पस्तीस अंशांचा हायड्रॉलिक रोलर कॅम.

पैसे कमी असतील आणि भंगारात अंडाकृती पोर्टचे जुने बिडाचे हेड दिसले, तर सोडू नका. घेण्याआधी तडा तपासून घ्या, घेतल्यावर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. आणि ज्वलनकक्ष उघडा आहे की बंद, ते पाहूनच पिस्टन मागवा. उघड्या कक्षासाठी घडवलेला उंच घुमटाचा पिस्टन बंद कक्षाच्या हेडला आदळतो.