गाडी ‘मिसिंग’ करतेय? आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट बदला



आजचा विषय जुन्या पेट्रोल गाडीचा आहे. गाडी सिग्नलला उभी आहे, स्टिअरिंग थरथरतंय, सायलेन्सरमधून मध्येच ‘भुक्’ असा आवाज येतोय आणि पुलाच्या चढावर पाय दाबला तरी गाडी ओढत नाही. गॅरेजमध्ये याला ‘मिसिंग’ म्हणतात. मेकॅनिक इंदूरचा असो, बडोद्याचा असो की हैदराबादचा, हा शब्द त्याला कळतो. अर्थ एवढाच की एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा गेली, पण ती नीट पेटली नाही.

आधी माझी चूक सांगतो. माझ्याकडे वडिलांची तीन सिलिंडरची जुनी गाडी होती. पुढे तिला सीएनजी किट बसवलं. काही वर्षांनी ती मिसिंग करायला लागली. मी प्लग बदलले. फरक नाही. प्लगच्या वायरी बदलल्या, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर साफ करून घेतला. तीन महिने गेले. शेवटी एका वयस्कर मेकॅनिकने गाडी चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरला. कागद बाहेर फडफडायला हवा होता, तो मधूनमधून आत ओढला जात होता. ते म्हणाले, “व्हॉल्व्ह बसत नाहीये. हेड उतरवावं लागेल.” हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळाली होती.

गंमत बघा, गाडी पहिल्या दिवसापासून सांगत होती. सकाळी थंड असताना ती ठीक चालायची. तापली की सिग्नलला थरथरायची आणि वेग घेतला की पुन्हा बरी व्हायची. हे टॅपेट घट्ट झाल्याचं लक्षण आहे. सीएनजी कोरडा असतो, त्यामुळे व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. इंजिन तापून धातू प्रसरण पावला की उरलेली फटही संपते. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, गरम वायू कडेने निसटतो आणि कड जाळतो. पहिल्याच आठवड्यात फीलर गेज घेऊन टॅपेट सेट केले असते, तर काम तासाभरात संपलं असतं. मी पार्ट बदलत बसलो आणि तोवर व्हॉल्व्ह गेला.

म्हणून आजचा मुद्दा एकच: कोणता सिलिंडर आणि कोणतं कारण हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

कारणं तीनच

सिलिंडर चालायला तीन गोष्टी लागतात: वेळेवर ठिणगी, योग्य प्रमाणात इंधन-हवा आणि दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. मिसिंगचं कोणतंही कारण या तिघांपैकी एका खात्यात जातं.

पायरी पहिली: केव्हा होतं ते लिहून ठेवा

पावसाळ्यात सकाळी मिसिंग आणि दुपारी गाडी ठीक? मग ओल धरलेल्या वायरी किंवा डिस्ट्रिब्युटरची कॅप. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर तिथेच करंट गळतोय.

फक्त आयडलिंगला मिसिंग आणि रेस दिली की बरं? कुठेतरी फाटलेल्या होजमधून जास्तीची हवा आत शिरतेय, किंवा माझ्यासारखं टॅपेटचं प्रकरण आहे. चढावर, जास्त वेगात मिसिंग? तुंबलेला फ्युएल फिल्टर किंवा कमजोर ठिणगी.

गाडी सीएनजीवर असेल तर एक फुकटची परीक्षा तुमच्या हातात आहे. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक असेल, तर आधी प्लग, वायर, कॉइल बघा. सीएनजी पेटवायला जास्त जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे थकलेला प्लग आधी गॅसवर उघडा पडतो. ठिणगी चांगली असेल तर मग किट. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर पेट्रोलची बाजू तपासा. दोन्हींवर सारखंच असेल, तर ठिणगी किंवा कॉम्प्रेशन.

पायरी दुसरी: सुस्त सिलिंडर पकडा

२०१३ पासून आलेल्या ओबीडी-२ गाड्यांत स्कॅनर लावला की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा. पी०३०० आला तर मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही.

त्याहून जुन्या गाडीत एकेक सिलिंडर मुद्दाम बंद करून बघायचा. इंजेक्टर असलेल्या गाडीत आयडलिंगला एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. इंजिन आणखी थरथरलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. कार्बोरेटरच्या गाडीत हेच प्लगच्या वायरने करतात, पण चालू इंजिनवर वायर ओढू नका. तिच्यात हजारो व्होल्ट असतात. झटका बसतो आणि इग्निशन मॉड्यूलही जाऊ शकतं. इंजिन बंद करा, वायर काढा, तिच्या टोकाला जुना प्लग लावून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या बॉडीला घट्ट टेकवा, पेट्रोलच्या पाइपपासून दूर ठेवा आणि मग स्टार्ट करा. काही सेकंद ऐका आणि बंद करा.

पायरी तिसरी: पार्टची अदलाबदल करा

समजा तिसरा सिलिंडर सुस्त आहे. त्याचा प्लग पहिल्यात घाला, पहिल्याचा तिसऱ्यात. मिसिंग पहिल्याकडे गेलं तर प्लग खराब. जिथल्या तिथे राहिलं तर प्लग निर्दोष. कॉइल वेगवेगळ्या असतील तर त्यांचंही असंच करा. वायरींची लांबी वेगळी असते, म्हणून त्या मल्टिमीटरवर मोजा. एखादी वायर वाचनच देत नसेल तर ती आतून तुटली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर उत्तर हरवतं.

प्लग काढला आहेच तर तो वाचाही. फिका तपकिरी असेल तर तब्येत चांगली. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी पडत नाही किंवा इंधन फार येतंय. तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. पांढरा, भाजल्यासारखा असेल तर इंधन कमी किंवा इंजिन जास्त तापतंय.

पायरी चौथी: दाब मोजा

ठिणगी आणि इंधन ठीक असूनही तोच सिलिंडर सुस्त असेल, तर टॅपेटची फट तपासा आणि कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. सगळे प्लग काढायचे, इग्निशन आणि इंधन बंद ठेवायचं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. एकेका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एक खूपच कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी आले, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

तोवर गाडी चालवू का?

शक्यतो नको. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. तो लाल होईपर्यंत तापून आतून वितळू शकतो. अशी गाडी वाळक्या गवतावर उभी केली तर आगीचाही धोका. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर बाजूला थांबा. आणि तीन सिलिंडरच्या गाडीत एक गेला म्हणजे ताकदीचा तिसरा हिस्सा गेला. घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना हे कळणं परवडत नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर “गाडी बघा जरा” एवढंच म्हणू नका. “तिसरा सिलिंडर सुस्त आहे, तापल्यावर आयडलिंगला होतं, प्लग अदलून बघितला, फरक नाही” असं सांगा. चांगल्या मेकॅनिकचं अर्धं काम तिथेच होतं. मी त्या दिवशी एवढं सांगू शकलो असतो, तर वडिलांच्या गाडीचं हेड उतरलं नसतं.