मोजायचे काय आणि मोजतो काय?
स्वमग्न व्यक्ती आणि कामाची जागा

पातेल्यातल्या पाण्याचे तापमान काढायचे आहे आणि कोणी तुमच्या हाती मोजपट्टी दिली, तर तुम्ही काय म्हणाल? पट्टी उत्तम असेल, तिच्यावरच्या खुणा अचूक असतील, तुम्हीही अगदी मन लावून मोजाल. पण तापमान काही कळणार नाही. मोजायची राशी एक आणि हातातले साधन दुसऱ्याच राशीचे, असा हा प्रकार आहे.

प्रयोगशाळेत अशी चूक सहसा होत नाही. माणसांची पारख करताना मात्र ती नेहमी होते. कशी, ते पाहू.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या भोवती चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहती आहेत. त्यांत वाहनांचे सुटे भाग बनवणारे अनेक कारखाने आहेत. समजा, अशा एका कारखान्याला तपासणी विभागासाठी कामगार हवा आहे. काम असे : तयार झालेला प्रत्येक भाग मायक्रोमीटरने मोजायचा आणि माप ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर तो बाजूला काढायचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक सुटता कामा नये, आणि सकाळी पहिला भाग जितक्या लक्षपूर्वक मोजला तितक्याच लक्षपूर्वक संध्याकाळचा शेवटचा भागही मोजला पाहिजे.

या कामासाठी एक तरुण मुलाखतीला येतो. आयटीआयचे प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे. पण तो समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही. "स्वतःविषयी काही सांगा," म्हटल्यावर तो गप्प होतो, कारण "काही" म्हणजे नेमके काय हे त्याला उमगत नाही. डोक्यावरच्या पंख्याच्या खडखडाटाने तो अस्वस्थ होतो. दहा मिनिटांत त्याला घरी पाठवले जाते. मायक्रोमीटर त्याच्या हाती कोणी दिलेलाच नसतो! मोजायचे होते मापनातले कौशल्य. मोजली गेली ती गप्पा मारण्याची हातोटी.

हा तरुण काल्पनिक आहे. पण स्वमग्न म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनेक व्यक्तींची नोकरीची वाट अशाच दारात अडते.

स्वमग्नता म्हणजे काय?

इंग्रजीत जिला ऑटिझम म्हणतात तिला मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. ग्रीक भाषेत 'ऑटोस' म्हणजे 'स्व'. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ साली ऑटिझम हा शब्द वापरला, पण तो एका वेगळ्याच मनोविकाराच्या संदर्भात. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी तशाच स्वभावाच्या मुलांविषयी लिहिले. त्याच्याही आधी, १९२५-२६ च्या सुमारास, रशियातील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा मुलांची निरीक्षणे नोंदवून ठेवली होती. त्यांच्याकडे जगाचे लक्ष फार उशिरा गेले.

स्वमग्नता हा संसर्गजन्य रोग नाही. मेंदूच्या जडणघडणीतला तो जन्मापासूनचा वेगळेपणा आहे. त्याची लक्षणे मुख्यतः दोन प्रकारची. पहिला प्रकार इतरांशी संवाद साधण्यातल्या अडचणींचा : हावभाव, सूचक बोलणे, चेष्टा यांचा अर्थ चटकन न लागणे. दुसरा प्रकार म्हणजे ठराविक क्रमाची व विषयांची तीव्र ओढ, हालचालींची पुनरावृत्ती, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी त्रास होणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात साधारण १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती.

एके काळी मुलांच्या या अवस्थेचा दोष आईच्या 'थंडपणा'वर टाकला जाई. या समजुतीने कित्येक घरे पोळली. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दाखवले. लसीमुळे स्वमग्नता येते असा दावा १९९८ मध्ये करण्यात आला होता. तो निबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध मोठमोठ्या पाहण्यांत आढळलेला नाही.

गाळणी सैल असेल तर

रेडिओचे उदाहरण घ्या. एकाच वेळी अनेक केंद्रांच्या लहरी रेडिओच्या एरियलवर येऊन आदळत असतात. त्यांतली हवी ती कंप्रता निवडून बाकीच्या बाजूला सारणारे मंडल आत असते, म्हणून आपल्याला एकच केंद्र ऐकू येते. ते मंडल नीट निवड करीनासे झाले, तर बातम्या, भजन आणि जाहिरात एकदमच ऐकू येतील.

आपला मेंदूही अशी निवड करतो. हे वाचताना पंख्याचा आवाज, रस्त्यावरची रिक्षा, सदऱ्याच्या कॉलरचा मानेला होणारा स्पर्श हे सारे तुमच्यापर्यंत पोचत होते. पण तुमचे तिकडे लक्ष नव्हते. अनेक स्वमग्न व्यक्ती सांगतात की त्यांना असे दुर्लक्ष करता येत नाही. त्यांचे कान सदोष असतात असे नाही. आत आलेल्या संकेतांची वर्गवारी वेगळ्या रीतीने होते.

आता कारखान्याकडे चला. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. डेसिबलची मापनश्रेणी लॉगरिथमी आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ८० डेसिबलच्या दालनात ती संभाषणाच्या शंभरपट झाली! तुम्हा-आम्हालाही तिथे त्रास होईल. पण ज्याची गाळणी सैल आहे त्याच्या डोक्यात कामासाठी जागाच उरणार नाही.

प्रकाशाचेही तसेच. आपल्याकडील विजेचा प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पुरी करतो. प्रत्येक आवर्तनात तो दोनदा शून्यावर येतो. म्हणून जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद होते आणि पुन्हा उजळते. बहुतेकांना हे जाणवत नाही. काही स्वमग्न व्यक्तींना मात्र अशी लुकलुक सोसवत नाही. इलेक्ट्रॉनिक चोक हजारो हर्ट्‌झ कंप्रतेवर चालतो, त्यामुळे ती जवळजवळ नाहीशी होते. एक चोक बदलला की एका माणसाचे काम सुधारू शकते, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

चूक कोणत्या बाजूला?

२०१७ साली टेक्सासमधील नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्वमग्न आणि काही इतर प्रौढांना थोडक्यात बोलायला लावून त्याचे चित्रण केले. ते पाहणाऱ्यांना, कोण स्वमग्न आहे हे न सांगता, बोलणाऱ्यांविषयी मत विचारले. अवघ्या काही सेकंदांत स्वमग्न व्यक्तींबद्दलचे मत प्रतिकूल झाले. मग दुसऱ्या गटाला चित्र वा आवाज न देता केवळ बोललेले शब्द छापून वाचायला दिले. आणि काय आश्चर्य, तो फरक नाहीसा झाला! म्हणजे बोलण्यात उणे काही नव्हते. ढब वेगळी होती, आणि ती पाहणाऱ्याच्या डोळ्याला खटकली. मुलाखतीच्या मोजपट्टीत दोष कुठे शिरतो, ते इथे दिसते.

ब्रिटनमधील डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये असे मांडले की ही अडचण दुहेरी आहे : स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही हे जितके खरे, तितकेच इतरांना तिचे मन कळत नाही हेही खरे. हे तपासण्यासाठी एडिंबरो येथील कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आपल्या कानगोष्टीच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या नऊ साखळ्या, आणि एकाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची. २०२० साली निष्कर्ष आला : सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली, मिश्र साखळीत ती जास्त गळाली. मग त्याच गटातील संशोधकांनी ३०० हून अधिक व्यक्ती घेऊन प्रयोग पुन्हा केला. २०२५ च्या त्या निष्कर्षात तिन्ही प्रकारच्या साखळ्या सारख्याच ठरल्या. पहिला निकाल आवडला म्हणून त्यावर न थांबणे, हीच विज्ञानाची रीत होय. मात्र एक गोष्ट दोन्ही वेळा दिसली : माहिती सांगण्यात स्वमग्न व्यक्ती कमी पडल्या नाहीत.

एका आकड्यात माणूस मावतो का?

आपल्या देशात प्रमाणपत्रासाठी स्वमग्नतेचे मापन 'इसा' या भारतीय श्रेणीने करतात. तिच्यात ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण असतात. म्हणजे बेरीज ४० ते २०० यांमध्ये कुठेतरी येते. ७० च्या खाली स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी ती विभागणी आहे. सवलती कोणाला द्यायच्या हे ठरवण्यासाठी असा आकडा लागतो.

पण त्या आकड्यावरून ती व्यक्ती कोणते काम करील हे सांगता येत नाही. तुम्ही अदिश आणि सदिश राशी शिकला असाल. वस्तुमान एका आकड्याने सांगता येते. वेग सांगायला दिशाही लागते. माणसाची कुवत तर कितीतरी दिशांना पसरलेली असते. तारखा पाठ असणारा मुलगा रस्ता ओलांडताना गोंधळेल, आणि मुळीच न बोलणारी मुलगी कळफलकावर सुरेख वाक्ये लिहील. म्हणूनच 'प्रत्येक स्वमग्न व्यक्ती गणितात अलौकिक असते' हा चित्रपटांनी पसरवलेला समजही चुकीचा आहे. अलौकिक बुद्धी थोड्यांनाच असते. काहींना जन्मभर पूर्ण वेळ आधार लागतो, आणि त्यांचाही मान तेवढाच.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस 'न्यूरोडायव्हर्सिटी', म्हणजे मेंदूंची विविधता, हा शब्द पुढे आला. ऑस्ट्रेलियाच्या ज्यूडी सिंगर यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. स्वमग्नता, वाचनातील अक्षमता, अतिचंचलता यांना निव्वळ बिघाड न मानता मानवी विविधतेचा भाग मानावे, असा त्याचा आशय. याचा अर्थ अडचणी नाहीत असा नव्हे. काही अडचणी व्यक्तीत असतात आणि काही आपण उभारलेल्या व्यवस्थेत. दुसऱ्या प्रकारच्या दूर करणे आपल्या हाती आहे.

कायदा आणि व्यवहार

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते; स्वमग्नता त्यांत नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रकार २१ केले आणि तिचा समावेश केला. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखीव झाल्या. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांसाठी मिळून आहे. कामाच्या जागी वाजवी सोयी पुरवण्याचे तत्त्वही त्यात आहे.

आपल्या शहरात अंबिका टाकळकर यांनी उभी केलेली 'आरंभ' ही संस्था स्वमग्न मुलांसाठी काम करते. अशा संस्थांतून मुले शिकतात, मोठी होतात, आणि मग पालकांपुढे प्रश्न उभा राहतो : अठरा वर्षांनंतर काय? मुंबईत यश चॅरिटेबल ट्रस्टने २०१८ साली जुहूला 'अर्पण' नावाचे उपाहारगृह सुरू केले. तिथे काम करणाऱ्यांत स्वमग्न आणि बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ होते. बंगळुरूसह अनेक शहरांत कचेऱ्या असलेल्या 'सॅप' या जर्मन संगणक कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केले की २०२० पर्यंत तिच्या नोकरवर्गातील १ टक्का व्यक्ती स्वमग्न असतील. प्रत्यक्ष भरती त्याहून बरीच कमी राहिली. पण मुलाखतीऐवजी काम करून दाखवण्याची संधी द्यावी, ही कल्पना अशा प्रयत्नांतून रुळली.

कामाच्या जागी लागणाऱ्या बहुतेक सोयींना खर्च फारसा नाही. सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात. पाळी किंवा यंत्र बदलायचे असेल तर आदल्या दिवशी सांगावे. बसण्याची जागा शांत असावी, कान झाकण्याची साधने वापरू द्यावीत. कोणाला विचारायचे ती व्यक्ती एकच ठरलेली असावी. आणि "जरा बघून घ्या" यासारखी वाक्ये टाळावीत. काय बघायचे आणि किती वाजेपर्यंत, ते सांगावे. गंमत अशी, की अशी स्पष्ट सूचना मिळाली तर कारखान्यातल्या प्रत्येकाचेच काम सुधारते.

करून पाहा

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग अवश्य घ्यावा. प्रत्येकाने चहा करण्याची कृती कागदावर लिहावी. मग कागदांची अदलाबदल करून दुसऱ्याने ती अक्षरशः, मनाचे काहीही न घालता, करून दाखवण्याचा अभिनय करावा. "पाणी ठेवा" असे लिहिले असेल तर पाणी नुसते ठेवायचे. गॅस पेटवा असे कुठे लिहिले आहे? "थोडी साखर" म्हणजे किती चमचे, हे विचारायचे. किती कृतींतून खरोखर चहा तयार होतो, ते फळ्यावर मांडा. मग चुकलेल्या कृती पुन्हा लिहा आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी ठेवा.

आपण किती गोष्टी न सांगताच समजल्या असे धरून चालतो, हे त्या फळ्यावर दिसेल. तुमच्या वर्गात एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल, जिला मधल्या सुट्टीचा गोंगाट सोसत नाही, जी चेष्टा खरी मानते, पण रेल्वेचे वेळापत्रक किंवा ग्रहांची अंतरे तासन्‌तास सांगू शकते. उद्या तिच्याशी बोलताना वाक्य स्पष्ट करा आणि उत्तराला थोडा वेळ द्या. पुढेमागे तुमच्यापैकीच कोणी कारखान्यात, बँकेत किंवा शाळेत इतरांची निवड करायला बसेल. त्या दिवशी उमेदवाराला आधी काम करून दाखवायला सांगा, गप्पा नंतर मारा.