ओबडधोबड ग्राफीनची कमाई

गणपतीच्या आधी एमडीएफची मखरं आणि एरवी अ‍ॅक्रिलिकच्या नावपाट्या कापून देणारी लेझर यंत्रं आता तालुक्याच्या गावीही दिसतात. त्यांतला लेझर बहुधा कार्बन डायऑक्साइडचा, १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा असतो. याच जातीच्या यंत्राने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने प्लॅस्टिकच्या फिल्मवर ग्राफीन काढून दाखवलं. तेही भट्टी नाही, निर्वात कक्ष नाही, उघड्या हवेत.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो चक्क चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलला आणि २०१० चं नोबेल पटकावलं. मोठा थर हवा असेल तर मात्र तांब्याच्या पातळ पत्र्यावर सुमारे १००० अंश सेल्सिअसला मिथेन सोडतात, मग तांबं विरघळवून तो पापुद्रा न फाटता हव्या त्या जागी उतरवतात. खर्च आणि कटकट, दोन्ही भरपूर.

टूर यांच्या गटाने हा उतरवण्याचा खटाटोपच टाळला. कच्चा माल होता पॉलिइमाइड, म्हणजे बाजारात ‘कॅप्टॉन’ नावाने मिळणारी सोनेरी-पिवळी फिल्म. अवकाशयानांच्या आवरणात वापरतात तीच. ती अल्कोहोलने पुसून यंत्राच्या पाट्यावर सपाट चिकटवायची, संगणकावर आकृती काढायची आणि लेझर सोडायचा. ठिपका जिथून जातो तिथे पिवळ्या फिल्मवर काळी रेघ उमटत जाते, बारीक धूर निघतो. त्या एका ठिपक्यात तापमान क्षणभर २५०० अंशांच्या वर जातं. ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे बंध तुटतात, ते वायू होऊन निसटतात आणि मागे उरलेला कार्बन षटकोनी जाळी विणतो. सुटणारे वायू वाट काढत असल्याने तो थर फुगतो, जाळीदार घावनासारखा. रेघेवर बोट फिरवलं तर काजळी लागते. मल्टिमीटर लावला तर वीज वाहते.

सगळ्या प्लॅस्टिकांना हे जमत नाही. पहिल्या चाचणीतल्या १५ पॉलिमरांपैकी पॉलिइमाइड आणि पॉलिइथरइमाइड हे दोनच ग्राफीन देऊन गेले. दोघांच्याही रेणूत कार्बनची कडी आधीपासून असतात.

हे ग्राफीन शुद्ध नाही. थर अनेक, जाळीत षटकोनांच्या मध्ये पंचकोन आणि सप्तकोन घुसलेले. ट्रान्झिस्टरवाला ते बाजूला सारेल. सेन्सरवाल्याचं मात्र नेमकं यावरच भागतं. छिद्रांमुळे पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि जाळीतल्या दोषांच्या कडांवर रासायनिक अभिक्रिया सहज घडतात. फिल्म वाकली की जाळीतले दुवे सुटतात, विद्युतरोध वाढतो. म्हणून मनगटावर नाडी किंवा गळ्यावर गिळण्याची हालचाल टिपता येते. घामातली रसायनं मोजायची तर तीन इलेक्ट्रोड एकाच फिल्मवर कोरायचे, एकावर चांदी–सिल्व्हर क्लोराइडची शाई लावायची आणि उरलेला भाग झाकायचा. त्यासाठी प्रयोगशाळांत साधं नेलपॉलिशही चालतं. कॅल्टेकमध्ये वेई गाओ यांच्या गटाने २०२० मध्ये अशाच लेझरने कोरलेल्या सेन्सरने घामातलं युरिक अ‍ॅसिड मोजल्याचं प्रसिद्ध केलं. गाउटच्या रुग्णांना त्याचा थेट उपयोग. आपल्याकडे हैदराबादच्या बिट्स पिलानीत संकेत गोयल यांचा गट लेझरच्या ग्राफीनवर असे सेन्सर बनवतो.

अडचणही त्याच ओबडधोबडपणातून येते. लेझरची शक्ती, वेग, भिंगाचं अंतर यांपैकी काहीही जरा हललं की छिद्रं बदलतात आणि रोधही. फिल्म कडेला किंचित उचलली गेली तरी तिथली रेघ वेगळी वागते. वारंवार वाकवल्यावर काळा थर झडतो, म्हणून तो सिलिकॉन रबरात रुतवून घेतात. एका यंत्रावर जमलेली सेटिंग दुसऱ्यावर तशीच्या तशी चालत नाही. प्रत्येक यंत्राचा हात नव्याने बसवावा लागतो. पहिला सेन्सर दुपारभरात तयार होतो. शंभरावा त्याच्याच बरोबरीने आकडा दाखवेल तेव्हाच तो दवाखान्यात वापरता येईल.